महादेवाला खण

९ डिसेंबर १९९४
सकाळीच डोकं तापलं. सरपंच विश्वासराव देशमुख पेंटरला घेऊन मळ्यातल्या विहिरीकडे निघालेले, रस्त्यात गाठ. गाळ काढून झाला, कठडा झाला, आता पाटी: ‘कै. रावसाहेब देशमुख यांनी ही विहीर बांधली.’ रावसाहेब म्हणजे यांचे आजोबा. २६ जानेवारीला नारळ फुटणार. म्हटलं, ती विहीर माझ्या पणजीनं बांधली, गौराबाईनं. माझे वडील सांगायचे. मळा तेव्हा आमचा होता.
“बाई, पुरावा आणा, नाव टाकतो. आपलं काय जातंय.”
जन्मभर वर्गात उभी राहून मुलींना ‘पुरावा?’ मी विचारला. आता हा मला विचारणार.

१० डिसें.
पुतण्याला सांगितलं. शिवलिंग म्हणाला, “आत्या, कशाला वाकडं घेता? इलेक्शन आलंय. माझ्या दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक त्यांचंच हाय.” त्याच्या दुकानात आता बाटलीतलं पाणी आलंय. गौराबाईच्या गावात पाणी विकत, आणि तिचा वंशज गल्ल्यावर. त्याच्याशी बोलणं बंद. (संध्याकाळी भजी पाठवली. खाल्ली. बोलणं सुरू.)

१४ डिसें. बीड.
जुन्या कागदांची कचेरी. कारकून: “मावशी, हे निजामाच्या येळचं, उर्दूत हाय. वाचणार कोण?” म्हटलं, मी. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात इंग्रजी नन्सनी शिकवलं, उर्दू शेजारच्या मौलवीसाहेबांनी. त्यानं लगेच पंख्याखालची खुर्ची दिली, चहा मागवला.
सापडलं ते एवढंच: गावात पक्की विहीर एक, पाणी गोड. कुणी बांधली, एक अक्षर नाही. पाण्याची चव नोंदवली, माणसाचं नाव राहून गेलं. संतापले होते, पण परतताना एस.टी.त हसू यायला लागलं. ते गोड आहे हे लिहिण्याआधी कुणीतरी ओंजळ भरून प्यायलाच असणार. शेजारचा माणूस सरकून बसला.

१९ डिसें.
पाटोद्याला कमलताईकडे. माझी थोरली चुलत बहीण. घरातलं जुनं तिलाच माहीत. गावामागे आमच्या लिंगायतांची पुरण्याची जागा आहे, सगळ्या पूर्वजांचे चौथरे तिथे, गौराबाईचा नाही. ती कुठे?
“आमची आई म्हणायची, गौराबाई पाण्यापाशी बसलीय.”
“नळाची वाट बघत असेल,” मी म्हटलं.
ताई हसली नाही. पुढे काही आठवतही नाही तिला. जेवायला मात्र मेथीची पातळ भाजी आणि ज्वारीची गरम भाकरी. पुराव्यापेक्षा बरं.

२४ डिसें.
कुकरमध्ये वाळू घालून केक. शिवलिंगची बायको सुलोचना वास घेत उभी. “आत्याबाई, वाळूचं काय करायचं मग? कुंडीत घालू?” केक फुगला. एक कड करपली, ती शिवलिंगला.
देशमुखांच्या अक्काचा निरोप: ‘मनीला सांगा, येळवशीला मळ्यात जेवायला ये.’ अक्का म्हणजे विश्वासरावांची आई. लहान वयात सून होऊन आली, तेव्हा माझ्या वेण्या ओढायची. अजून ‘मने’च म्हणते. वेळ अमावास्या यंदा १ जानेवारीला. नोकरी लागल्यापासून येळवशीला मी गावात कधी नव्हतेच. औरंगाबादेत त्या दिवसांत केक, पाहुणे. जाणार नाही म्हणून कळवलं.
मग वाटलं, त्याच विहिरीवर उभं राहून भांडायची संधी का सोडा?

१ जानेवारी १९९५
भांडायला गेले आणि पोट धरून परतले. नीट लिहिते.
मळ्यात कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, घागरीत आंबील. सगळ्या गावाला जेवण. अक्का पान वाढून निघाली, पण खोपीकडे नाही. विहिरीच्या कडेला लिंबाखाली दगडी चौथरा आहे, वर पिंड, तिथे. पान ठेवलं, आंबील शिंपडली, वर हिरवा खण.
“अक्का, हा कोण?”
“महादेव. पिंड दिसंना व्हय? चष्मा फुटला का तुजा?”
“मग महादेवाला खण कशाला?”
“सासूबाई वाहायच्या. त्यांच्या सासूबाई बी. आधी हितं, मग पांडवांना.”
“तू कधी विचारलं नाहीस?”
“इचारायचं न्हाई, वाहायचं, असं सांगितलतं.”
नन्सही आम्हाला हेच सांगायच्या.
मी चौथऱ्याकडे बघत राहिले. देशमुख जाळतात. आमच्यात बसवून पुरतात आणि वर अशीच पिंड. गावामागे आमच्या जागेत ओळीनं आहेत. आणि खण कुणी पुरुषाला वाहत नाही.
पाण्यापाशी बसलीय.
हातातली आंबील पदरावर सांडली. अक्काला सांगितलं.
“म्हंजी इतकी वर्सं आमी तुमच्या म्हातारीला जेवू घालतोय?”
“जेवू घातलंत खरं. नाव तेवढं खाल्लंत.”
मग ती हसायला लागली, मग मी. दोघींना उठवायला सुना आल्या. बाजरीचे उंडे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, खीर, परत भज्जी. संध्याकाळी अक्काला केक पाठवला. निरोप आला: ‘लई कोरडा हाय. आणखी हाय का?’

३ जाने.
विश्वासरावांकडे. सगळं ऐकून घेतलं, मधे बोलले नाहीत, ते एक. मग: “दगडावर नाव हाय का? बाई असंल, तुमच्यातली असंल. पण गौराबाईच कशावरून? आन् विहीर तिनंच बांधली कशावरून?”
फार राग आला. प्रश्न बरोबर होते म्हणून जास्त.

८ जाने.
चौथरा घासून धुतला, चारी बाजूंनी. अक्षर नाही. सुलोचना मदतीला. म्हणाली, “आत्याबाई, नाव कोरलं असतं तर खण बंद झाले नसते का? पाटी वाचून लोक पुढं गेले असते.” हिच्याशी मी आजवर फक्त केकच्या वाळूबद्दल बोलत आले.

१४ जाने. संक्रांत
अक्काकडे तिळगूळ. ओसरी बायकांनी भरलेली. तिनं सगळ्यांदेखत लेकाला बोलावलं.
“इस्वास, तुज्या आजाला म्या खण वाहात हुते का?”
“न्हाई, आई.”
“मग पुसायला सांग ती पाटी. पाणी काय त्यानं दिलं न्हाई, तुज्या आज्जीला ठावं हुतं. म्हनून तर पयलं पान तिकडं.”
बायका पदरात तोंड घालून हसत. विश्वासराव कान खाजवत. मग माझ्याकडे वळून अक्का, “तुजी म्हातारी असंल तर असू दे. पर खण मीच वाहणार. बसलीय आमच्या मळ्यात.”
“आमच्या मळ्यात बसली होती. मळा तुमच्याकडे कसा आला ते काढू का?”
“तिळगूळ खा,” अक्का म्हणाली.

२५ जाने.
पाटी पुसून पिवळी केलीय. पेंटर ब्रश धुऊन बसलेला. विश्वासराव म्हणाले, “बाई, तुमी सांगाल ते नाव. आता पुरावा मागत न्हाई. तुमी खोटं लिवणार न्हाई, एवढं पुरं.”
असा पेच कुणी दुश्मनानंही टाकू नये. मला खात्री आहे आणि माझ्याकडे पुरावा नाही. माहीत नसेल तिथे जागा कोरी सोडा, असं सांगून मी किती मुलींना रडवलंय.
पेंटरकडून खडू घेतला, मोठ्या अक्षरात लिहिलं: गौराबाई. मागे सरकून पाहिलं. अक्षर अजून वळणदार आहे माझं. अक्कानं बादली ओढली, एक तांब्या चौथऱ्यावर, एक मला. पाणी गोड आहे. निजामाच्या त्या जुन्या कारकुनानं खोटं लिहिलं नव्हतं.
पेंटर म्हणाला, “पक्क्या रंगात घेऊ का?”
म्हटलं, सकाळी लवकर ये, सांगते.
“बाई, रातच्याला दव पडतंय. खडू राहील का न्हाई सांगता येत न्हाई.”
अक्कानं उद्याचा खण आत्ताच काढून ठेवलाय. दोन काढलेत. दुसरा कुणाचा विचारलं तर म्हणते, वाहायचा, इचारायचं न्हाई.