आपोआप बंद पडतो

३ फेब्रु., सोमवार
परत तेच. चाकणच्या कंपनीचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू, जेमतेम नऊ मिनिटं झाली असतील. स्क्रीन निळी, मग काळी, मग आपोआप सुरू. सगळं परत चालू व्हायला अकरा मिनिटं. तोवर ती मंडळी उठून गेलेली. मेल टाकला, मशीन बंद पडलं म्हणून. हा तिसरा इंटरव्ह्यू असा गेला.
रंजना सातला मेडिकलवरची ड्यूटी संपवून आली. तिला सांगितलं. म्हणाली, "मशीनच ते. तुम्ही काय करणार."

५ फेब्रु., बुधवार
चाकणवाल्यांचं उत्तर आलं. १२ ला परत घेतो म्हणतात. बरे लोक आहेत.
दिवसभर लॅपटॉपच्या मागं. अपडेट मारले. ड्रायव्हर काढून परत टाकले. मेमरीची टेस्ट लावली, दोन तास चालली, दोष नाय. खाली हात धरवत नाय इतका तापतो. दोन वाट्या पालथ्या घालून त्यावर ठेवला. पन्नास मिनिटं चालला. मग गेला.

८ फेब्रु., शनिवार
वहीत नोंदी ठेवल्या, कंपनीत लाइनवर ठेवायचो तशा. व्हिडिओ चालू + चार्जर लावलेला = बंद. चार्जर काढला तर बॅटरी पंधरा मिनिटांची. नुसतं टायपिंग केलं तर तीन तास काही होत नाय.
वाळूजच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये अठरा वर्षं हेच काम. रंगाला फोड का आला, कुठून आला. दोष दोन दिवसांच्या आत सापडायचा. दिवाळीत प्लँट बंद झाला, तेव्हापासून काहीच सापडलेलं नाय.
आईचा फोन वैजापूरहून. वडील मेंढरं घेऊन पैठणच्या अंगाला उतरलेत म्हणे, यंदा इकडं चारा नाय. मग, "तू घरी कसा रं आज?"
"सुटी हाय आई."
"लई सुट्या देती रं तुझी कंपनी."

१२ फेब्रु., बुधवार
इंटरव्ह्यू. वीस मिनिटांनी बंद पडला. मेल केला. रं. ला सांगितलं.

१३ फेब्रु., गुरुवार
रं. नं माझं ऐकलंच नाय. म्हटलं मी बघतो, होईल. म्हणाली, "दहा दिवस बघताय. चला." सुटी टाकली आणि स्कूटरवर मागं बसवून औरंगपुऱ्यात नेलं.
गल्लीतलं छोटं दुकान. नसरीनताई स्वतःच दुरुस्त करतात, कपाळावर भिंग. मागचं झाकण उघडलं तर पंख्यात धुळीचा गोळा, मेंढीच्या लोकरीसारखा. "अंदर की पेस्ट भी सूख गई, ठंडा रखनेवाली. शनिवार को लेके जाव."
निघताना रं. म्हणाली, "ताई, नक्की कशानं बंद पडत होता ते लिहून देता का? तारखांसकट. कंपनीला पाठवू. नायतर त्यांना वाटायचं हे बहाणे करतात."
"देती ना. मशीन में सब लिखा रहता."
मला हे माहीत नव्हतं.

१४ फेब्रु., शुक्रवार
लॅपटॉप नाय घरात. जेवण गेलं नाय.

१५ फेब्रु., शनिवार
लिहावं का नाय कळत नाय. लिहितो.
नसरीनताईंनी स्क्रीन आमच्याकडं फिरवली. तारखा लावलेल्या. ३ ला तापून. ५ ला तापून. ८ ला दोनदा. मग बोट थांबलं. "ये बारा तारीख का अलग है. ये गरम होके नै गया. बटन दबाके धरे तो जाता, वैसा गया."
रं. नं माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, "हँग झाला होता."
नसरीनताईंनी एकदा स्क्रीन बघितली, एकदा मला. "हां, होता कभी कभी," म्हणाल्या. कागद मात्र रं. च्या हातात दिला.
क्रांती चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली. पुढं बघतच रं. नं विचारलं, "हँग झाला होता?"
"नाय."
सिग्नल सुटला. 
१२ तारखेला या वहीतही खोटं लिहिलं. कोण वाचणार होतं ही वही? तरी लिहिलं. लॅपटॉप बंद पडला नव्हता. वाट्यांवर ठेवलेला, तापलाही नव्हता, झकास चालू होता. पॅनलवरच्या मुलीनं आकड्यांची एक शीट पाठवली आणि म्हणाली, यातल्या रिजेक्शनचा, म्हणजे बाद मालाचा, चार्ट करून दाखवा, स्क्रीन शेअर करा. मला येत नाय. आमच्याकडं ते ऑफिसातली पोरं करायची, मी नुसतं बघून सांगायचो. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. बोट बटनावर गेलं. पाच सेकंद धरावं लागतं. पाच सेकंद लई असतात, सोडता आलं असतं.

१६ फेब्रु., रविवार
दुपारी ताट वाढताना, "काय विचारलं होतं त्यांनी?" सांगितलं.
"मग येत नाय म्हणायचं."
मी ताट पुढं ओढलं.
"चार महिने मी तुमच्या आईशी खोटं बोलते. शेजारी म्हणतात साहेब कामावर जाताना दिसत नायत, मी म्हणते रात्रपाळी. मला त्याचं काही नाय. पण ते आपलं दोघांचं होतं. हे मला..."
वाक्य तसंच सोडून पोळ्या करायला गेली.

१९ फेब्रु., बुधवार
लॅपटॉप सहा तास चालला. व्हिडिओ, चार्जर, सगळं लावून. पंख्याचा आवाजसुद्धा नाय. दोष निघाला की लाइनवर हलकं वाटायचं. इथं उलटंच.
चाकणहून मेल. २४ ला शेवटची वेळ, चालणारं मशीन घेऊन बसा. रं. नं तो कागद पाठवलेला नाय. कुठं ठेवला विचारलं नाय.
चार्ट शिकतोय. एक जमतो, तोच परत करायला गेलं की जमत नाय.

२४ फेब्रु., सोमवार
अकराला तीच मुलगी, सोबत एक वयस्कर गृहस्थ. तीच शीट. अर्धा चार्ट झाला, मग अडलो.  दोन्ही हात टेबलाखाली घेतले. म्हटलं, "मॅडम, हितून पुढं मला येत नाय." मराठीतच गेलं तोंडातून.
मुलगी काहीतरी टाइप करत राहिली. गृहस्थ म्हणाले, "मग तुम्ही दोष शोधायचात कसा, ते सांगा." बोललो. किती वेळ माहीत नाय. एकूण बेचाळीस मिनिटं झाली. कळवतो म्हणाले. तोंडावरून काही कळलं नाय.
सातला रं. आली. चप्पल काढता काढता, "बंद पडला का?"
"नाय."
आधी एवढं विचारून आत जायची. आज विचारून माझ्या तोंडाकडं बघत थांबली.