डोरिसच्या कॉम्प्युटरचा मूळ रंग

४ जून
तीस वर्षांपूर्वी थोरली बहीण सोल्वेग म्हणाली होती, "कारिन, तुला मोजे जुळवता येत नाहीत, तू कसले रंग ओळखणार!" आज जुन्या कॉम्प्युटरांच्या आमच्या क्लबने २१ तारखेच्या मेळ्यातलं रंग-तपासणीचं टेबल मला दिलं; कुठल्या कॉम्प्युटरचा मूळ रंग कोणता, ते सांगायचं. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

७ जून
ऑरव्हिल लिंडक्विस्टनी मेळ्यासाठी त्यांच्या बायकोचा, डोरिसचा कॉम्प्युटर आणून दिला. ती गेल्याला दोन वर्षं झाली. म्हणाले, "जप गं. चर्चची सगळी पत्रकं तिने यावरच केली." मी एका नजरेत सांगितलं: मूळ करडा, उन्हाने पिवळा पडलाय. ते म्हणाले, "पहिल्यापासून असाच होता, ओट्सच्या लापशीसारखा." बिचारे. स्वतःच्या निळ्या गाडीला हिरवी म्हणतात.

१० जून
क्लबचा नियम: आधी खोलून आत बघा. आत ऊन पोचत नाही, तिथे खरा रंग टिकतो. नियम नवख्यांसाठी आहे, तरी पाळला. तळघरात खोलला. आतूनही लापशीच दिसली. तळघरातला बल्ब पिवळा आहे, त्यामुळे.

१२ जून, सकाळी ९
ऑरव्हिलना सांगायचं नाही. सरप्राइज.
पिवळेपणा घालवायला केस ब्लीच करायचं क्रीम आणलं. दुकानातल्या बाईने विचारलं, कोणाच्या केसांना? म्हटलं, कॉम्प्युटरला. तिने न मागता हातमोजे दिले. कॉम्प्युटरच्या रिकाम्या खोक्याला बाहेरून क्रीम फासलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून अंगणात ठेवलं; क्रीमला काम करायला ऊन लागतं. ड्वेन, म्हणजे नवरा, म्हणाला, "त्यांना विचारलंस?" या माणसाला सरप्राइज हा प्रकारच कळत नाही.

१४ जून
पिवळा गेला. करडा अजून आलेला नाही. सध्या पांढरा. वाटेत असेल.

१६ जून
पट्टे उठलेत. संगमरवराला असतात तसे. ड्वेनच्या मते झेब्र्याला असतात तसे.

१९ जून
झाकण अंगणात उलटं केलं. लख्ख ऊन. आत लापशी. कोपऱ्या-कोपऱ्यात, स्क्रूच्या खाचेतसुद्धा. म्हटलं, आतूनही पिवळा पडला असेल, दिव्याने. ड्वेन म्हणाला, "कॉम्प्युटरच्या आत दिवा कोण लावतं गं?"
मग मी झाकण परत सुलटं केलं.

२० जून
ऑरव्हिलना बोलावून दाखवला. त्यांनी त्यावरून तळवा फिरवला. म्हणाले, "डोरिस असती तर पोट धरून हसली असती." स्वतः हसले नाहीत. खोका कोटात गुंडाळला आणि घेऊन गेले. कॉफीला नको म्हणाले. आमच्या गावात कॉफीला कोणी नको म्हणत नाही.

२१ जून, सकाळी ७
मेळा दहाला. ऑरव्हिलच्या दारात ठेवायला चिठ्ठी लिहिली, तीच इथे उतरवते:
"ऑरव्हिल, चुकलं. तुम्हाला नीट आठवत होतं, मी ऐकलं नाही. आज टेबलापाशी माझ्या शेजारी बसाल का? लोक विचारतील तेव्हा रंग तुम्ही सांगा, मी फक्त स्क्रू काढून देईन. नाही म्हणाल, माहीत आहे. तरी विचारते."