सगळ्यांच्या मनासारखं जेवणघर

प्रिय बेनेदिता,

तू इथल्या लोकांवर रागावली आहेस, ठाऊक आहे मला. राग धर, पण वाच. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, चष्मा पुसून घे.

गेल्या वर्षी तू आमच्या वृद्धाश्रमाची न्हाणीघरं नव्यानं करायला आलीस. नर्स, स्वयंपाकीण ओदेत, हिशेबनीस, आम्ही म्हाताऱ्या, सगळ्यांना एका टेबलाशी बसवून भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायला लावल्यास. मी म्हटलं, "बोलायचं आम्ही, लिहायचं आम्ही, आणि डिझायनर म्हणून पगार हिला!" तू हसलीस. मग पुठ्ठ्याचं अख्खं न्हाणीघर उभं केलंस आणि आमच्यातल्या एर्मिनियाला आत चालवलंस. तिची काठी अडली की पुठ्ठा कापायचीस, पुन्हा चालवायचीस. घसरायच्या भीतीनं ती बया आंघोळ टाळायची, हे तिनं चिठ्ठीवर कुठं लिहिलं होतं? भिंत चाचपणारा तिचा हात तू पाहिलास. आता ती पाहुण्यांना ऐकवते, "हे न्हाणीघर मी केलं." तुझ्यासमोरही म्हणाली, तेव्हा तू नुसती मान डोलावलीस. मला तिचे कान उपटावेसे वाटले.

पुढं संचालक वाल्देमार तुला म्हणाला, "पद्धत कळली आम्हाला. जेवणघर आमचं आम्ही करू." तू तोंड मिटून निघून गेलीस. हा गुण तुझ्यात कुठून आला कोण जाणे, माझ्याकडून तर नाही.

तर केलं त्यांनी. चिठ्ठ्या लावल्या, मतं घेतली, आणि कुणाचं मन मोडायला नको म्हणून सगळ्यांचं सगळं घेतलं. ओदेतला वाढायला लांबलचक टेबल, पाद्रीबाबांना मूर्तीसाठी चौथरा, एर्मिनियाला कुंड्या, मला टीव्ही. नको म्हणणारं कुणी नव्हतं. आधी पुठ्ठ्याचं करून बघू, हेही कुणाला सुचलं नाही. थेट सुतार बोलावला. आता ओदेत सुपाचं पातेलं घेऊन खेकड्यासारखी आडवी चालते आणि ओरडते, "साहेब, या, चिठ्ठीवर बसून जेवा!" वाल्देमारचं तोंड एवढंसं होतं. माणूस वाईट नाही गं. मतं मोजली की काम झालं, असं वाटलं त्याला.

आज तो माझ्या खोलीत आला. "देओलिंदाबाई, नातीला दोन शब्द लिहा ना." मी म्हटलं, "तुझी माफी तूच माग." मागेल, मी सोडत नाही त्याला. मी लिहितेय ते माझ्यासाठी. ईस्टरनंतर माझे पाय गेले. फोनवर सांगितलं नाही, कारण तू रडत धावत आली असतीस, आणि रडकी माणसं मला सोसत नाहीत. माझी चाकाची खुर्ची जेवणघराच्या दारातून चार हातही आत जात नाही. खोलीत एकटीच जेवते. कोबीचं सूपसुद्धा एकटीनं पीत बसलं की औषधासारखं लागतं. मला माणसांत बसून जेवायचंय, पोरी. नात म्हणून नंतर ये, आधी डिझायनर म्हणून ये. तब्येत विचारत बसू नकोस. खुर्ची ढकल आणि कुठं अडते ते बघ.

तुझीच,
तोंडाळ आजी