भोपळ्याची सोनेरी भाकरी

घनसावंगी, ३ जुलै १९३९, सोमवार
शरयूला जालन्यात मुलींच्या शाळेत घातलं. काल ती आणि तिची आई मामाकडं राहायला गेल्या. दिवाळीपर्यंत इथं कचेरी, चूल आणि मी. निघताना शरयूची आई म्हणाली, बारा वर्षं ताटावर बसून ‘पुन्हा तेच वरण?’ म्हणालात, आता वेगळं करून खा. टोमणा होता. मी चॅलेंज समजलो.
पोटाच्या जळजळीपायी वैद्यबुवांनी तेल-तिखट बंद केलंय. राह्यलं काय, मुगाचं वरण, पालेभाजी, भाकरी. पण पौष्टिक अन्न बेचवच असतं, हा बायकांचा गैरसमज. मासिकात व्हिटॅमिनवर लेख वाचलाय. सात दिवसांचं टाइमटेबल करून भिंतीला चिकटवलं.

५ जुलै, सकाळी
तांदुळजा घालून हिरवं वरण. काळं झालं. डाळ खराब असणार.
सायंकाळी: सकाळचंच खाल्लं. टाइमटेबल उद्यापासून कडक.

९ जुलै
जालन्याला पहिलं पत्र. लिहिलं, रोज नवा पदार्थ होतो, जळजळ बिलकुल गेली. खोटं न्हाई, थोडं आगाऊ आहे. वाचून तिला लागेलच. आठवड्यात येते की न्हाई पाहू.

१४ जुलै
शोध लागला! लाल भोपळा उकडून ज्वारीच्या पिठात मळायचा. नाव ठेवलं सोनेरी भाकरी. थापताना हाताला चिकटली, भाजताना तव्याला. माझ्यापेक्षा तव्यानंच जास्त खाल्ली.
शेजारच्या पुंजारामला चाखायला बोलावलं. एक घास घेतला आणि त्याला आठवलं, आज एकादशी. उठून गेला. पंचांग पाह्यलं, एकादशी परवाच झाली. भोळा माणूस, तिथीचं भान न्हाई.

१६ जुलै
दुसरं पत्र. शेजारी बोटं चाटतात, असं लिहिलं.

१९ जुलै
पुंजारामची बायको सगुणाबाई वाटीभर मेथी घेऊन आल्ती. म्हणाली, “भाऊ, दोन दिस झाले, तुमच्या चुलीचा धूर दिसला न्हाई.” म्हटलं, लंघनाचा प्रयोग करून राह्यलो. ती वाटी ठेवून गेली. चव घेऊन दोष काय ते सांगणार होतो. तेवढ्यात मेथी संपली.

२ ऑगस्ट
एकट्यानं जेवण्यात वेळ फार वाचतो. सात मिनिटांत उरकतं. शरयू असली की तासभर जायचा, घासागणिक तिची गोष्ट. आज दोन ताटं मांडली गेली. एक उचललं. मंग पुन्हा मांडलं, समोर नुसती जमीन बरी दिसत न्हाई.
वाचलेल्या वेळाचं काय करावं, याचंही टाइमटेबल करायला पाहिजे.

१३ ऑगस्ट
उत्तर आलं! सोनेरी भाकरीची कृती विचारलीय. मनातून जळून राह्यली, दुसरं काय. पण माझी कृती तव्याला चिकटलेली. मंग जसं व्हायला पाहिजे होतं तसं लिहिलं: भोपळा गरम असतानाच पीठ मळावं, पाणी घालू नये, चिमूटभर जिरं.

२७ ऑगस्ट
पत्र. तिनं तशीच केली, बराबर सुटली. शरयूनं तीन खाल्ल्या आणि मामीला म्हणाली, “ही आमच्या नानांनी काढली.” ही ओळ चार वेळा वाचली. कचेरीतही एकदा.
दुपारी त्याच कृतीनं मीही केली. चिकटली. ताट पुढ्यात घेऊन पुन्हा पत्र वाचलं, भाकरी गेली पोटात.
आता दिवाळीची वाट पाहायची गरज न्हाई, त्या त्याआधीच येतील. घर झाडून घेतलं.

१० सप्टेंबर
कचेरीत सगळे विलायतेतल्या लढाईचं बोलून राह्यले. माझ्या खिशात तिचं पत्र.
लिहिते: तुमचं जेवणखाण आता माझ्यापेक्षा चांगलं चाललंय, वाचून जिवाला घोर राह्यला न्हाई. शाळेत मला शिवण शिकवायचं काम मिळतंय. शरयूची शाळा पुरी होईस्तोवर, चार वर्षं, आम्ही इथंच राहावं म्हणते. सणाला येत जाऊ. तुमची हरकत असेल तर जल्दी कळवा, मी लगेच निघून येईन.
चार वर्षं.

११ सप्टेंबर
उत्तराचे तीन कागद झाले. पहिला: हरकत आहे. दुसरा: भाकरी कधीच सुटली न्हाई, वरण काळं होतं, शेजारीण जेवू घालते. तो जवळजवळ पाकिटात गेल्ता. पण शरयूनं मामीला सांगून ठेवलंय.
तिसरा: हरकत न्हाई. इकडं आनंद. रोज नवा पदार्थ.

१२ सप्टेंबर, सकाळी
तिसरा कागद डाकेच्या पेटीत टाकला. घराकडं वळलो, चार पावलं गेलो, परत आलो. पेटीच्या तोंडात हात घातला. मनगटापर्यंतच जातो.
डाकवाला बद्रीनाथ मागं येऊन उभा. “वामनराव, काही राह्यलं का?”
म्हटलं, न्हाई, पत्र बराबर पडलं का ते पाहून राह्यलो.
म्हणाला, “पडलं की. आजच्याच थैलीत जातं.”