तुम्ही न बोललेलं वाक्य

पप्पा, तुमच्या धाकटीला बारावीला जबरदस्त मार्क पडलेत आणि तिला बी.ए. करायचंय. इतिहास घेऊन. मी बारावी कशीबशी ढकलून मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसतो, त्यामुळे घरातला हुशारीचा कोटा सगळा तिच्याकडेच आहे. आई म्हणते, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. धाकटीला समजवायला आयटीवाले काका मुद्दाम कोथरूडवरून कसब्यात आले, ओट्याशेजारी स्टूल ओढून बसले, पोहे संपवले आणि म्हणाले, "इतिहास शिकून काय करणार? शनिवारवाड्यात तिकिटं फाडणार?"

"कोड आता एआयच लिहितं, काका. तुमच्याच ऑफिसातली पोरं घरी बसलीत ना?" धाकटी उसळली.

"मग निबंध काय तुझी आजी लिहिते? तेपण तेच लिहितं."

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर भानगड. काय शिकलं की माणूस टिकतो हे कुणालाच माहीत नाही, आणि आवाज मात्र चढत चाललेले. पोळ्या लाटता लाटता आई रडायला लागली. मला रडणं झेपत नाही, तुम्हाला माहितीये, मी लगेच माकडचाळे करतो. मंडळाच्या माइकवर तुम्ही अनाउन्समेंट करायचात त्याची क्लिप आहे माझ्याकडे. त्यावरून एका अ‍ॅपात तुमचा आवाज बनवलाय, मित्रांना झापायला. तिथंच उभ्या उभ्या एक वाक्य टाईप केलं आणि फोन ओट्यावर ठेवला. तुम्ही बोललात, "पोरीला तिच्या मनासारखं शिकू दे."

वाटलं, हसतील. काका स्टुलावरून उठून उभे राहिले. आईनं गॅस बंद केला. तिला वाटलं, जुनं रेकॉर्डिंग सापडलं. "ह्यांनी सांगून ठेवलंय ना, मग विषय संपला," म्हणाली. "कर बी.ए."

धाकटीनं मला जिन्यात गाठलं. "पप्पा 'मनासारखं' वगैरे कधी बोलायचेच नाहीत. तुझंच काम ना हे?"

"अगं, तुझं काम झालं ना पण!"

"दादा, मी इतिहास शिकायला निघालेय, आणि पहिलाच पुरावा बनावट? आईला खरं सांग. नाहीतर मी कॉम्प्युटरलाच जाते."

आणि जाईल ती. हट्ट तुमचाच घेतलाय. सोमवारी अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख. सांगितलं तर आई परत इंजिनिअरिंगवर येणार, नाही सांगितलं तर ही स्वतःच जाणार. म्हणजे दोन्हीकडून कॉम्प्युटरच, आणि करणी माझी. तुम्ही खरंच काय म्हणाला असतात, यावर डोकं लावून बसतो हल्ली. काही सुचत नाही. अभ्यासावरून मी तुम्हाला फक्त ओरडताना ऐकलंय, आणि तेही माझ्यावर.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहितो. आज सांगायचंच असं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. आई कोथिंबीर निवडत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "अरे, ते ह्यांचं परत लाव ना जरा." लावलं. मान खाली घालून ऐकलं तिनं, आणि परत काड्या मोडायला लागली.

मग मी पुन्हा एकदा लावलं. तिनं सांगितलं नव्हतं.