वीसच्या पुढचे

५ जून
आले एकदाची. बसमध्ये अंग आंबून गेलं होतं, पण पुएर्तो लोबेराचा धक्का दिसला, मासळीच्या पिठाच्या कारखान्याचा वास नाकात शिरला आणि बरं वाटलं. अगदी आमच्या गावासारखा वास. नोकरी पक्की झाली. मासळी मोजायच्या कचेरीत मोजणारी. उभ्याने काम, पण डोक्यावर छप्पर आहे.

ही वही सेन्योरिता निल्दाने दिली. ती कचेरीची प्रमुख, तिशीतली, चष्मेवाली, पायात पुरुषांचे गमबूट. मी तिसरीपर्यंतच शिकले हे लपवलं नाही. ती मला मानाने दोन्या म्हणते. म्हणाली, दोन्या सेनाइदा, रोज चार ओळी लिहा, हात वळेल, तुमचे आकडे मला वाचता आले पाहिजेत. मी म्हटलं, आकडे येतात मला, लिहायचं काय ते सांग. म्हणाली, दिवसभरात झालं ते. ठीक आहे. लिहिते.

खोली दोन्या पेताकडे मिळाली. विधवा, माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. पहिल्या तासातच नवऱ्याची कहाणी सांगून मोकळी. फेर्मीन त्याचं नाव. बोट उलटली, प्रेत मिळालं नाही, मग रीतीप्रमाणे त्याचे कपडे पेटीत घालून पुरले. सुताराने पेटीसाठी माप विचारलं तर ही म्हणाली, एकशे अडुसष्ट लिही, पण बुटांसकट हं, मेल्याला उंच दिसायची भारी हौस. सांगताना हसली आणि डोळेही पुसले. त्याच्या फोटोखाली रोज दिवा लावते.

माझ्या लेकाचं मी तिला सांगितलं नाही. दोन वर्षं झाली तो समुद्रात गेल्याला. त्याचे कपडे मी पुरले नाहीत, पुरणारही नाही. गावात सगळे म्हणायचे, विसर आता. मी विसरले तर त्याचं या जगात राहिलं काय? म्हणून गाव सोडलं.

६ जून
काम सोपं आहे. बोट लागली की तिच्यातून बादलीभर अँचोवेता येते, बोटाएवढी मासळी. आकडे कोरलेल्या मापाच्या पाटीच्या टोकाला आडवी फळी आहे. माशाचं तोंड तिला टेकवायचं, शेपटीची खाच कुठे येते ते बघायचं आणि ओरडायचं. साडेबारा. तेरा. तेरा. साडेअकरा. निल्दा यंत्रात आकडे घालते. दोनशे मासे झाले की ती पडद्यावर एक ओळ लिहिते, कळ दाबते आणि खांब उभे राहतात. अर्ध्या सेंटीमीटरचा एक कप्पा. ज्या कप्प्यात जास्त मासे, तो खांब उंच. मध्ये टेकडी, दोन्हीकडे उतार. मला फार आवडलं ते. घाणेरड्या बादलीतून असं नीटनेटकं निघतं.

दुसरं चित्र बोटींचं, कोणी किती मासळी आणली त्याचं. त्यात खांब सुटे सुटे असतात. मी विचारलं, हे सुटे आणि ते खेटून, असं का? निल्दा म्हणाली, बोटी वेगवेगळ्याच असतात. लांबी मात्र सलग असते. लांबीच्या खांबांत मध्ये भोक पडलं तर कुठेतरी चुकलं समजायचं.

बाराहून लहान मासळी फार निघाली तर जाळी बंद करतात. म्हणून दुपारी बाराच्या आत चित्र राजधानीला गेलंच पाहिजे. उशीर झाला की निल्दाला वरून शिव्या.

११ जून
आज निल्दा भडकली. कळ दाबली तर सगळी टेकडी डाव्या कोपऱ्यात चेपून काडीएवढी झाली, पुढे पडदाभर मोकळी जागा आणि पार उजवीकडे एकच बारका खांब. एकशे अडुसष्ट. म्हणाली, दोन्या सेनाइदा, एवढा मासा बादलीत मावला कसा, की त्यावर बसून आलात? मी म्हटलं, मी सोळाच्या वर ओरडलेच नाही, बोटं तुझी घसरली. दोघींनी मासे मोजले. दोनशे. यंत्रात दोनशे एक. तिने एक ओळ लिहिली, वीसच्या पुढचे सगळे काढून टाक अशी. खांब गेला. टेकडी परत आली. चित्र वेळेत गेलं.

जेवायला घरी आले. रस्सा झकास होता. पेताने आज दिवा लावला नव्हता.

१२ जून
पेताला विचारलं, दिवा का नाही? म्हणाली, कसला? मी फोटो दाखवला. तिने फोटो भिंतीवरून काढला, उन्हात धरला, म्हणाली, कोण आहे गं हा? तुझा कोणी? बरा दिसतो. मला वाटलं थट्टा करते. मी म्हटलं, फेर्मीन, तुझा नवरा. ती मोठ्याने हसली. म्हणाली, बाई गं, लग्न केलं असतं तर आठवलं असतं ना.

थट्टा नव्हती.

१७ जून
पुन्हा. एकशे ऐंशी. निल्दाने पुन्हा तीच ओळ लिहिली, आता तिला पाठ झालीय.

धक्क्यावरचा राखणदार आब्दोन. रोज सकाळी मला अडवून आपल्या बुडालेल्या भावाचं सांगायचा. ताडमाड होता म्हणे, दारात डोकं आपटायचं. मला वैताग यायचा. आज दुपारी गप्प. मीच विचारलं. म्हणाला, दोन्या, मला सगळ्या बहिणीच, भाऊ मी एकटा.

हे लिहितानाच तो भाऊ माझ्याही डोक्यातून निसटतोय. फेर्मीन तर गेलाच. ही वही चाळली तेव्हा कळलं की असं कोणी होतं.

म्हणजे पुसले की पुसले. सगळ्यांच्या डोक्यातून. कागदावर शाईने असेल तेवढंच उरतं.

माझ्या लेकाची उंची एकशे एकाहत्तर. लष्कराच्या कागदावर आहे.

२० जून
निल्दाला सांगून पाहिलं. ती वाईट नाही. ऐकून घेतलं. म्हणाली, एकटाच लांब उभा असलेला खांब म्हणजे चूक, ती काढायचीच, हेच माझं काम. चार जण खेटून उभे राहिले तर मला थांबून विचार करावा लागेल. एकट्याला कोण मानतं?

२३ जून
आला. दहा वाजता. एकशे एकाहत्तर.

 पडद्यावर बोट टेकवलं. दोन वर्षांनी लेक आला आणि आला तो असा, टाचणीएवढा.

निल्दाला म्हटलं, काढू नकोस, तुझ्या पाया पडते. ती म्हणाली, बाराला पाठवायचंय, काय करू मी? तेवढ्यात धक्क्यावर एका बोटवाल्याने आरडाओरडा केला आणि ती त्याच्याशी भांडायला धावली. मी एकटी.

मोठ्या माशांचं जस्ताचं टेबल आहे, शार्क मोजायचं. त्यावर चढले. माशाचं तोंड टेकवतात तिथे डोकं टेकवलं. टाच कुठे येते बघितलं आणि सवयीने ओरडले. एकशे सत्तावन्न. उतरून आकडा यंत्रात घातला. तेवढं मला येतं आता.

तो आणि मी. मध्ये भोक. पाच-पाचचे कप्पे धरले तरी दोन रिकामे.

माझी नजर आता पट्टीसारखी झालीय. माणूस बघितलं की आकडा दिसतो. पेता एकशे बासष्ट. निल्दा एकशे सदुसष्ट. दोन्ही आकडे मी ओरडले. दोन्ही घातले. हे मी केलं. कोणी लावलं नाही मला.

निल्दा आली, मोठे कप्पे करून बघितलं. चार खांब, खेटून. बराच वेळ चष्मा पुसत बसली. मग काही न काढता तसंच पाठवलं. माझा लेक राहिला.

२४ जून
पेताचे केस ओले. न्हायली नव्हती. उशीत वाळू.

२५ जून
सकाळी धुक्यात पेता समुद्रात कमरेपर्यंत. आब्दोनने ओढून काढली. मी तिला दोन शिव्या घातल्या, काय करतेस म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आत्ता बोलवत होतीस आणि आता रागावतेस. पाण्याच्या आतून हाक मारलीस ना. तुझाच आवाज. एकशे बासष्ट.

तेव्हा मी कचेरीत होते. तोंड उघडलं नव्हतं.

२६ जून
निल्दा खोकते. खोकल्यात पाणी येतं, खारट. ताप नाही. दोनदा उठून दाराकडे गेली, मी खांदे धरून बसवली. विचारलं तर म्हणाली, मापाला बोलावतात.

दुपारी मलाही ऐकू आला. माझा आवाज. एकशे सत्तावन्न — टेबलावर ओरडले होते तसाच. भानावर आले तर पाऊल पाण्यात.

ज्यांचं माप घेतलं ते समुद्राचे. मीच दिले त्याला.

२७ जून
निल्दाला सगळं सांगितलं.  तिच्या छातीत बोलायला हवा नाही.

म्हटलं, आम्हा तिघींचे काढ, त्याचा ठेव. तिने तेवीस तारखेचं चित्र उघडून ते काढले. चित्र केलं. तिघी परत तिथेच. पाच वेळा काढलं — पाचही वेळा परत. तो आहे तोवर आम्ही सुटत नाही. धरून ठेवलंय त्याने. लहानपणी बाजारात बोट सोडायचा नाही तसं.

आब्दोन पळत आला. पेता पुन्हा निघालीय. दोन माणसांना ओढवत नाही.

निल्दा माझ्याकडे बघते. हो म्हटलं. लिही. वीसच्या पुढचे सगळे.

ती लिहितेय. अक्षर चुकतं, पुन्हा लिहिते. तेवढ्यात मला इथे सगळं —

माझा लेक. उजव्या भुवईवर कापल्याची खूण. माशाचं डोकं आधी खायचा. शीळ घातली की दात दिसायचे, पुढचा थोडा तिरपा. एक मीटर एकाहत्तर. मला सेना म्हणायचा, आई नाही. चिडायचे मी. रताळं फक्त भाजलेलं. नाव शेवटी लिहीन, नाव लिहायला घेतलं की हात —

अजून थोडं थांब म्हटलं तिला. पेता गळ्यापर्यंत आहे, आब्दोन ओरडतोय.

दाब म्हटलं.

त्याचं नाव