रुमालाखालचा खेळ

मंगळवार, जेवण झाल्यावर

माझी नात सई लोकांची मोबाईल चाळायची सवय सुटावी म्हणून मोबाईलवरच छोटे छोटे खेळ बनवतेय. मी तिला रुमालाचा खेळ सुचवला. तुर्भ्याच्या बाजारात आम्ही रुमालाखाली बोटं दाबून कांद्याचा भाव सांगायचो, तोच. सुचवला खरा, पण दिवसभर धाकधूक. लोक हसले तर?

आज जेवताना तिचा बाप, म्हणजे आमचा सुनील, नेहमीसारखा मोबाईलमध्येच. सईने आमच्या हातांवर रुमाल टाकला. "पप्पा, आबा किती सांगतात ते ओळखा." मी दोन बोटं दाबली.

"पाच!"

"अरे, कांदेवाल्याचा पोरगा ना तू?"

हसता हसता त्याला ठसका लागला. "आबा, परत!"

केवढा मोठा झालाय याचा हात! मोबाईल वाजला, तरी त्याने हात रुमालाखालून काढला नाही. त्याच्या साहेबांचा फोन तर नसेल?